उच्च क्षमतेचे स्पार्क प्लग

उच्च क्षमतेचे स्पार्क प्लग हे पेट्रोल व वायूवर चालणाऱ्या इंजिनांतील प्रज्वलनासाठी वापरले जाणारे विशेष बनावटीचे प्लग होत. इरिडियम किंवा प्लॅटिनमची टोके, एकाहून अधिक भू-अग्रे किंवा चिरलेल्या आकाराचे अग्र ही त्यांची मुख्य वैशिष्ट्ये होत. 'अधिक शक्ती, अधिक मायलेज' असा त्यांच्या विक्रीतील नेहमीचा दावा असतो. प्रत्यक्षात, सुस्थितीतील इंजिनातून योग्य प्रकारचा साधा प्लग काढून त्या जागी असा प्लग बसवल्यास शक्तीत किंवा इंधनबचतीत जाणवण्याजोगा फरक सहसा पडत नाही. दीर्घ आयुष्य आणि प्रतिकूल परिस्थितीतही न चुकणारी ठिणगी हे त्यांचे खरे लाभ आहेत. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे ट्रॅक्टर आणि डिझेल जीप यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही.

कार्य

स्पार्क प्लग सिलिंडरच्या माथ्यात बसवलेला असतो. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून इग्निशन कॉइल हजारो व्होल्टचा दाब निर्माण करते. तो प्लगच्या मध्यवर्ती अग्रापर्यंत पोहोचला की मध्य-अग्र आणि भू-अग्र यांच्यामधील सुमारे ०.६ ते १.१ मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडते व दट्ट्याने दाबलेले हवा आणि इंधनाचे मिश्रण पेटते. १९०२ मध्ये बॉश कंपनीचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्चदाब मॅग्नेटो आणि त्यासोबतचा प्लग विकसित केला. तेव्हापासून या घटकाची मूळ रचना फारशी बदललेली नाही.

ठिणगी इंजिनाला शक्ती पुरवत नाही, ती ज्वलनाचा केवळ आरंभ करते. हे ध्यानात घेतले की जाहिरातींतील बराचसा गोंधळ दूर होतो. एका ठिणगीची ऊर्जा साधारणपणे काही दशक मिलिज्यूल, म्हणजे ज्यूलच्या एक दशांशाहूनही कमी असते. याउलट १.२ लिटर क्षमतेच्या चार सिलिंडरी मोटारीत पूर्ण भाराच्या वेळी एका सिलिंडरमध्ये एका चक्राला जळणाऱ्या पेट्रोलमधून सुमारे १,००० ज्यूल ऊर्जा मुक्त होते. ठिणगी दुप्पट जोमदार केली तरी या १,००० ज्यूलमध्ये भर पडत नाही. मिश्रण एकदा निश्चितपणे पेटले की ज्योत किती वेगाने पसरेल, हे हवा-इंधनाचे प्रमाण, ज्वलनकक्षाचा आकार, दाब आणि वायूतील खळबळ यांवर अवलंबून असते. मिश्रण पेटलेच नाही, किंवा अधूनमधून पेटायचे चुकले, तर मात्र प्लगचा दोष थेट शक्तीच्या घटीत दिसतो. गाडी झटके देते, इंधन न जळता धुरांड्यातून बाहेर पडते आणि उत्प्रेरक परिवर्तकाचीही हानी होते.

अग्रांचे धातू

साध्या प्लगचे मध्य-अग्र निकेलच्या मिश्रधातूचे व आतून तांब्याचा गाभा असलेले असते. त्याचा व्यास सुमारे २.५ मिलिमीटर असतो. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला, प्लॅटिनम १,७६८ अंशांना, तर इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना वितळते. कठीण आणि उष्णतारोधक असल्याने इरिडियमचे टोक ०.४ ते ०.७ मिलिमीटर इतके बारीक करता येते. बारीक टोकाभोवती विद्युतक्षेत्र एकवटते, त्यामुळे ठिणगी तुलनेने कमी व्होल्टला उडी घेते. शिवाय बारीक अग्र नवजात ज्योतीची उष्णता कमी शोषून घेते. हे दोन्ही गुण खरे आहेत. परंतु ज्या इंजिनात साधा प्लगही प्रत्येक चक्रात मिश्रण पेटवत आहे, तेथे त्यांना करण्यासारखे काही उरत नाही.

धातूचा खरा परिणाम आयुष्यावर होतो. प्रत्येक ठिणगीसरशी अग्राची सूक्ष्म झीज होते, फट रुंदावते आणि कॉइलला अधिक व्होल्ट द्यावे लागतात. निकेलचे प्लग साधारणतः २० ते ४० हजार किलोमीटरला बदलावे लागतात, तर इरिडियमचे अनेक प्लग एक लाख किलोमीटरच्या आसपास टिकतात. 'इरिडियम टाकल्यावर गाडी मोकळी झाली' हा सर्रास ऐकू येणारा अनुभव याच झिजेशी निगडित आहे. काढलेला प्लग बहुधा मुदत उलटून गेलेला असतो, म्हणून नवा साधा प्लग बसवला असता तरी तितकाच फरक जाणवला असता. अशा तुलनेत नव्याची तुलना जुन्याशी होते, इरिडियमची निकेलशी नव्हे.

अनेक भू-अग्रे असलेल्या प्लगमध्ये एका वेळी ठिणगी एकाच अग्राकडे जाते. त्यामुळे 'चार पट ठिणगी' हा समज चुकीचा आहे. झीज चार ठिकाणी वाटली जाते, एवढाच फायदा. अमेरिकेत स्प्लिटफायर या इंग्रजी 'व्ही' आकाराच्या भू-अग्राच्या प्लगविषयी शक्तीवाढीचे व इंधनबचतीचे जे दावे केले जात होते, त्यांना पुरेसा आधार नसल्याचा आक्षेप तेथील संघीय व्यापार आयोगाने १९९० च्या दशकात घेतला होता.

दोन प्लगांची रचना आणि बजाज पल्सर

प्लगमुळे इंजिन खरोखर सुधारल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण पुण्याच्या बजाज ऑटोचे आहे. २००१ मध्ये आलेल्या पल्सर मोटारसायकलीला २००३ मध्ये एका सिलिंडरला दोन प्लग असलेले 'डीटीएस-आय' इंजिन मिळाले. ज्वलनकक्षात दोन बाजूंनी ज्योत निघाल्याने तिला कापावयाचे अंतर घटते, ज्वलन लवकर पूर्ण होते आणि पातळ मिश्रणही खात्रीने जळते. येथे सुधारणेचे श्रेय प्लगच्या धातूला नसून ज्वलनकक्षाच्या रचनेला आहे. मोटारींतही हाच मार्ग अवलंबला गेला होता. २००३ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या 'आय-डीएसआय' इंजिनात चार सिलिंडरांना मिळून आठ प्लग होते. इटलीच्या अल्फा रोमियोने तर १९१४ मध्येच शर्यतीच्या इंजिनात दोन प्लग वापरले होते.

या रचनेवरून मोठा न्यायालयीन वादही झाला. लहान व्यासाच्या सिलिंडरमधील दोन प्लगांच्या रचनेवर बजाजला पेटंट मिळालेले होते. टीव्हीएस मोटरने २००७ मध्ये १२५ सीसीची 'फ्लेम' मोटारसायकल जाहीर केल्यावर बजाजने पेटंटभंगाचा दावा केला. ही रचना होंडाच्या जुन्या पेटंटमधून आधीच ज्ञात होती, असे टीव्हीएसचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसविरुद्ध अंतरिम मनाई दिली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्याच्या अटीवर टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली आणि बौद्धिक संपदेचे असे खटले लवकर निकाली काढण्याविषयी निर्देश दिले. संपूर्ण वादाचा विषय प्लगांची संख्या, त्यांची जागा आणि सिलिंडरचा व्यास हा होता. २०१२ च्या पल्सर २०० एनएसमध्ये बजाजने प्लगांची संख्या तीनवर नेली.

उष्णता, वायू आणि इथेनॉल

प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते, अन्यथा त्यावर काजळी साचते. ते साधारण ८५० अंशांच्या पुढे गेल्यास ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो. टोकाची उष्णता किती वेगाने बाहेर जाते यावरून प्लग 'गरम' किंवा 'थंड' ठरतो. तेलंगणाच्या सीमेवरील धर्माबादसारख्या नांदेड जिल्ह्यातील गावांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यामुळे येथे 'थंड' प्लग घालावा असा सल्ला कधी कधी दिला जातो, पण त्यात तथ्य नाही. ज्वलनवायूंचे तापमान २,००० अंशांहून अधिक असते, त्यापुढे बाहेरील हवेतील दहा-बारा अंशांचा फरक नगण्य ठरतो. उलट, विनाकारण थंड प्लग घातल्यास गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो लवकर काळा पडतो. क्रमांक वाचताना सावधगिरी हवी: एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगमध्ये मोठा आकडा थंड प्लगचा असतो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये तो गरम प्लगचा असतो.

फवारणी यंत्रांच्या दोन-धावी इंजिनांत पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असल्याने प्लगला कार्बन धरण्याचे प्रमाण अधिक असते. तेथेही आधी तेलाचे प्रमाण तपासणे श्रेयस्कर. सीएनजीवरील मोटारींत मात्र परिस्थिती वेगळी आहे. वायूचे मिश्रण पेटवण्यास अधिक व्होल्ट लागतात आणि झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो, पण वायूवर चुकतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांतही वाढलेल्या दाबामुळे असेच घडते. अशा इंजिनांत इरिडियमचा अधिक खर्च सार्थ ठरतो.

अलीकडे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र आल्यावर मायलेज घटल्याच्या तक्रारींवर उपाय म्हणूनही महागडे प्लग सुचवले जातात. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अशा मिश्रणात शुद्ध पेट्रोलहून सुमारे ६ ते ७ टक्के कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज दिला होता. इंधनात नसलेली ऊर्जा कोणताही प्लग निर्माण करू शकत नाही.

निवड आणि निगा

वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेला उष्णता-क्रमांक, आटे आणि फट पाळणे हे धातूच्या निवडीहून महत्त्वाचे आहे. उत्पादकाने मुळातच इरिडियम प्लग दिला असल्यास त्याऐवजी निकेलचा घालू नये, कारण बदलण्याची मुदत इरिडियम गृहीत धरून ठरवलेली असते. गॅरेजमध्ये प्लग पॉलिश पेपरने घासण्याची पद्धत साध्या प्लगला चालते, पण इरिडियमचे बारीक टोक तिने तुटू शकते. प्लग थंड इंजिनातच काढावा, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या माथ्यातील आटे सहज खराब होतात. काढलेल्या प्लगचा रंग इंजिनाची प्रकृती सांगतो: फिकट तपकिरी रंग ज्वलन योग्य असल्याचे, कोरडी काजळी इंधनाचे प्रमाण अधिक असल्याचे, ओलसर काळा थर तेल वर येत असल्याचे, तर पांढरट फोड आलेले टोक अतिउष्णतेचे लक्षण मानले जाते.