घरांचे डॉक्टर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि तीनेक डॉलरला मिळणारे तेलाचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेले. हा इतिहास आपण राजकारणाचा म्हणून वाचतो. मला आज त्याची घरगुती बाजू सांगायची आहे. थंड मुलखातल्या माणसाला तेव्हा एक साधा प्रश्न पडला : हिवाळ्यात पैसे मोजून घरात आणलेली ऊब जाते कुठे?

इंधन स्वस्त होते तोवर हा प्रश्न कुणी फारसा विचारला नव्हता. घर गार वाटले की भट्टी वाढवायची, एवढाच उपाय. महागाईने तो बंद केला. १९७६ साली अमेरिकेत गरिबांची घरे थंडीला तोंड देतील अशी करून देण्याची सरकारी योजना कायद्याने सुरू झाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी घरे दिवसा १८ आणि रात्री सुमारे १३ अंश सेल्सिअसवर ठेवण्याचे आवाहन केले. घाई सगळ्यांनाच होती. त्यामुळे सुरुवातीचे उपाय तात्पुरते होते. दाराखिडक्यांच्या फटी बुजवायच्या, काचांवर प्लॅस्टिक ताणायचे आणि हिवाळा काढायचा.

याच काळात न्यू जर्सी राज्यात एक वेगळे काम चालू होते. आज कितीतरी मराठी कुटुंबे ज्या राज्यात राहतात, तेच हे राज्य. तिथल्या ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत एकाला एक लागून बांधलेली, एकाच नमुन्याची घरे होती. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलो यांच्या गटाने ती अभ्यासासाठी निवडली. घरे जुनी नव्हती. पण त्यांत जे सापडले ते जुन्या घरांनाही लागू पडले.

पहिले आश्चर्य माणसांचे होते. आराखडा तोच, भट्टी तीच, तरीही एका घराला दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक इंधन लागत होते. दुसरे आश्चर्य माळ्यावर होते. जान बेया, गौतम दत्त आणि थॉमस वोटेकी यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की माळ्यातून निसटणारी उष्णता पुस्तकी हिशेबाच्या तीन ते सात पट आहे. माळ्यावर काचतंतूंची गादी तर अंथरलेली होती! मग चोरवाट कुठली? दोन घरांमधली सामाईक भिंत पोकळ ठोकळ्यांची होती आणि भट्टीच्या धुराड्याभोवती मोकळी जागा सोडलेली होती. तळघरातली गरम हवा या वाटांनी, गादीला वळसा घालून, थेट वर जात होती. गादी कितीही जाड केली असती तरी ही गळती थांबली नसती.

म्हणजे आधी निदान, मग औषध. तपासणीसाठी एक साधनही हाती आले. स्वीडनमध्ये खिडकीत पंखा बसवून घराची गळती मोजण्याची पद्धत होती. प्रिन्स्टनमध्ये १९७९ च्या सुमारास तो पंखा दारात आला. घर बंद करून पंख्याने आतली हवा बाहेर ओढायची, म्हणजे प्रत्येक छुप्या फटीतून बाहेरची हवा आत घुसते आणि हाताला लागते. हे साधन घेऊन घरोघरी जाणाऱ्यांना ‘हाउस डॉक्टर’ म्हणू लागले. पुढे ते सरकारी योजनेतही रुळले. त्यातून कामाचा क्रम ठरत गेला : आधी छुप्या गळत्या, मग माळा, मग भिंती आणि तळघर. नव्या खिडक्या दिसायला छान. पण खर्चाच्या मानाने बचत थोडी, म्हणून त्या बहुधा शेवटी. ट्विन रिव्हर्समधल्याच एका घरावर फ्रँक सिंडेन यांनी नेटाने काम केले आणि गरम ठेवण्याची त्याची गरज दोन तृतीयांशाने कमी केली.

या डॉक्टरीत पथ्येही आहेत. घर घट्ट बंद केले आणि आत गॅसची भट्टी असली, तर धूर उलटा घरात येऊ शकतो. म्हणून हवा खेळती ठेवण्याची सोय त्याच वेळी करावी लागते. इंग्लंडमध्ये पाचांतले सुमारे एक घर १९१९ पूर्वीचे आहे. अशा घरांच्या भरीव, चुन्यात बांधलेल्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. त्यांना चुकीचा लेप दिला की ओल आत कोंडते, लाकूड कुजते.

आणि घाईची किंमत? ऑस्ट्रेलियात २००९ साली मंदीवर उतारा म्हणून घरांच्या माळ्यांवर सरकारी खर्चाने इन्सुलेशन बसवण्याची योजना आली. दहा लाखांहून अधिक घरांत काम झाले. पण बसवणारे पुष्कळ जण नवखे होते. चार तरुण कामगार दगावले. तिघांना विजेचा धक्का बसला, एकाला माळ्यावरची उष्णता सोसली नाही. सर्वांत धाकटा अवघा १६ वर्षांचा होता. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळावी लागली. माळ्यावर चढण्यापूर्वी वीज बंद करणे, तारा कुठून गेल्या आहेत ते पाहणे, एवढी साधी पायरी त्या धावपळीत राहून गेली.

हे सारे आपण का ऐकायचे? आपल्याला बहुतेक ठिकाणी ऊब राखायची नसून उन्हाची धग अडवायची आहे. पण नियम तोच. दुरुस्तीची अंदाजपत्रके मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यांत सामानाची लांबलचक यादी असते. घर तापते कुठून, हे तपासल्याची ओळ क्वचितच आढळते. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली भाजत असते आणि आपण आणखी मोठा एसी घेतो. गच्चीला पांढरा लेप आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली, हे आधी करावे. एसी किती मोठा हवा ते नंतर ठरवावे. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवताना इंग्लंडमधली कोंडलेली ओल आठवावी.

केंद्र सरकारची २०१८ ची इको-निवास संहिता नव्या निवासी इमारतींसाठी आहे. उभ्या असलेल्या जुन्या घरांचा विचार त्यांत राहणाऱ्यांनाच करावा लागतो. तेव्हा मंडळी, मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी घरभर हिंडा. कुठली भिंत तापते, छत किती वाजेपर्यंत गरम राहते, वारा कुठून येतो आणि कुठे अडतो, ते वहीत लिहून ठेवा. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.