मूर्खलक्षणांची मराठी परंपरा

माणसाच्या स्वभावातली खोड अचूक हेरायची आणि ती चारचौघांत हसत-हसत सांगायची, ही मराठीतली जुनी रीत आहे. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत जोशी, भुत्या, वासुदेव ही गावातली सोंगे बोलतात, मात्र त्यांच्या तोंडून शेवटी परमार्थच सांगितला जातो. स्वभावाची सरळ तपासणी भेटते ती समर्थ रामदासांच्या दासबोधात.

वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या या ग्रंथात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. त्याची घडण साधी आहे. ओवीचे पहिले तीन चरण एखादे वागणे दाखवतात आणि चौथा निकाल देतो. निकाल ठरलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष त्या वागण्यावर राहते. लक्षणांच्या याद्या संस्कृत नीतिग्रंथांतही आहेत. समर्थांची लक्षणे मात्र ओसरीवर, सभेत आणि रस्त्यावर पाहिलेली वाटतात. दोघे बोलत असताना तिसरा मध्ये जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोके खाजवतो. भांडण चालले असता एकजण ते न सोडवता मजा बघत उभा राहतो. कोणी घरात शहाणपणाने वागतो, पण सभेत लाजतो. पुस्तकांविषयीची निरीक्षणे तर विशेष मार्मिक आहेत: वाचताना अक्षरे गाळणारा किंवा पदरची घालणारा, पोथीची निगा न राखणारा आणि स्वतः वाचत नाही, दुसऱ्यालाही वाचू देत नाही, नुसती बांधून ठेवतो असा. हस्तलिखितांच्या काळात एकेक पोथी नकलून मिळवावी लागे, हे ध्यानात घेतले की या ओव्यांतली कळकळ समजते. ही लक्षणे टाकून देण्यासाठी सांगितली, श्रोत्यांनी क्षमा करावी, असे समर्थ शेवटी म्हणतात.

त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्ख येतो. साध्या मूर्खाला कळत नाही; याला सगळे कळते आणि तरीही तो चुकतो. ग्रंथ मुळापासून न पाहता त्याला नावे ठेवणारा, गुण सांगितले तरी अवगुणच शोधणारा हा विद्वान समर्थांनी अधिक कठोरपणे रंगवला आहे, आणि ते योग्यच आहे.

विसाव्या शतकात मोठा बदल झाला: ज्याला हसायचे, तोच बोलू लागला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा स्वतःच्या आणि बंडूनाना, पांडूतात्यांच्या उद्योगांची हकिगत स्वतःच सांगतो. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने तीच वाट पुढे नेली. चिं. वि. जोशींचा चिमणराव गुंड्याभाऊच्या सोबतीने स्वतःच्या फजितीचे वर्णन करतो. दासबोधात बाहेरून न्याय होतो. इथे वाचक त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसतो.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त (१९६२) लक्षणांना नाव, गाव आणि बोलण्याची ढब मिळाली. लग्नघरी राबणारा नारायण, ग्रंथांची भाषा बोलणारा सखाराम गटणे, रत्नागिरीचा अंतू बर्वा यांच्या खोडी लेखकाने लपवल्या नाहीत, पण त्यांच्यावर निकालही दिला नाही. मराठी स्वभावचित्रणाने गाठलेली ही सर्वांत मोठी उंची होय. या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.