महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम

महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेला कार्यक्रम होय. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) हे जिल्हे त्याचे मुख्य क्षेत्र होते. सुमारे ६.२ तीव्रतेच्या या धक्क्यात पहाटेच्या झोपेतील हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचा भार कोसळल्यामुळे.

अतिहानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांतील अनेक गावांची सरळ, रुंद रस्त्यांची आखणी शहरी वसाहतीसारखी होती. शेतकऱ्याचा गोठा, वाड्याचे अंगण आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार यांना तीत फारसे स्थान उरले नाही.

सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मात्र घरमालकांकडेच सोपविण्यात आले. शासन टप्प्याटप्प्याने रक्कम देई, अभियंते तंत्र समजावीत: भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसविणे, माळवदावरील माती कमी करणे, भिंतींना सलग पट्टा बांधणे. घरमालक व अभियंता यांच्यातील दुवा म्हणून महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ पुढे आल्या. कार्यक्रमाचा हा भाग अधिक टिकाऊ म्हणावा लागेल. जिल्हास्तरीय आपत्ती व्यवस्थापन आराखडे व नियंत्रण कक्ष यांची उभारणीही याच कार्यक्रमातून झाली.