महिंद्रा युनायटेड : मुंबईच्या एका धंदेवाईक फुटबॉलसंघाची हकीकत

१. प्रयोजन

जुनीं दप्तरें शोधण्यांत व लावण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं, अशा वाचकांपुढें एका फुटबॉलसंघाची हकीकत मांडण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्यास उत्तर असें कीं, संस्था लष्करी असो, देवस्थानाची असो वा खेळाची असो, तिचा इतिहास शेवटीं तिच्या कागदांवरून ठरतो. आणि ते कागद टिकतात कीं नाहीं, हें संस्थेची मालकी कोणाकडे होती यावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. देवस्थानाचें दप्तर पुजाऱ्याच्या वा कुळकर्ण्याच्या घरीं सांपडतें, कारण देवस्थान बंद करण्याचा अधिकार एकट्या कोणासच नसतो. कंपनीनें काढलेल्या संघाचें तसें नाहीं.

वसई म्हटली कीं आपणांस १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा वेढा आठवतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच वसईच्या पूर्वेस सातिवली येथें आज कारखान्यांच्या गाळ्यांची वस्ती आहे, आणि अशा वस्तींतहि इतिहासाचीं साधनें रोज निर्माण होतात व रोज रद्दींत जातात. कारखानी संस्थांचीं साधनें कशीं वाचावींत व कां जपावींत, हें दाखविण्यासाठीं मुंबईच्या 'महिंद्रा युनायटेड' संघाचें उदाहरण घेतलें आहे. हा संघ १९६२ सालीं निघाला, २००६ सालीं राष्ट्रीय विजेता ठरला, आणि २०१० सालीं मालकांच्या निर्णयानें बंद झाला.

२. पूर्वपीठिका

मुंबईंत फुटबॉल रुजला तो इंग्रजी पलटणींच्या आश्रयानें. रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ सालीं सुरू झाले. पहिला चषक वूस्टर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियननें घेतला, आणि पुढें पुष्कळ वर्षें विजेत्यांच्या यादींत गोऱ्या पलटणींचींच नांवें आढळतात. १९२३ सालीं कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, परंतु डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढें त्याचा पराभव झाला. देशी नागरिकांच्या संघानें चषक प्रथम जिंकला तो १९३७ सालीं. हा मान 'बंगलोर मुस्लिम्स' ह्या संघाचा. १९४० सालीं मोहमेडन स्पोर्टिंगनें तो कलकत्त्यास नेला. स्वातंत्र्यानंतर १९५० ते १९५४ अशीं ओळीनें पांच वर्षें तो हैदराबादच्या पोलिसांकडे राहिला. १९५८ सालीं तो मुंबईंतच राहिला, आणि विजेता होता कॅल्टेक्स ह्या तेलकंपनीचा संघ.

पलटण, पोलीस आणि कंपनी हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. उत्तम खेळावयाचें तर रोजच्या सरावास वेळ पाहिजे, आणि वेळ पाहिजे तर पोटाची सोय कोणीतरी केली पाहिजे. पूर्वीं मल्लांना व गवयांना संस्थानिकांचा आश्रय असे; फुटबॉल खेळणारास प्रथम सरकारचा व नंतर भांडवलदाराचा आश्रय मिळाला. खेळाडूचें नांव कचेरीच्या हजेरीपटावर आणि पाय मैदानावर, अशी ही व्यवस्था होती. तिच्यामुळें शेंकडों खेळाडूंचे संसार चालले, हें विसरतां कामा नये. परंतु आश्रयदाता बदलला कीं आश्रिताची गति काय होते, हेंहि कॅल्टेक्सच्याच उदाहरणावरून कळतें. त्या कंपनीचा येथील व्यवहार १९७६ सालीं सरकारनें ताब्यांत घेतला आणि १९७८ सालीं तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्यें विलीन झाला. रोव्हर्स चषकाच्या यादींत 'कॅल्टेक्स' राहिलें; त्या नांवाची कचेरी राहिली नाहीं.

३. संघाचा उदय आणि अस्त

महिंद्रा कंपनीच्या नांवालाच इतिहास आहे. १९४५ सालीं लुधियाना येथें ती 'महिंद्रा अँड महंमद' ह्या नांवानें स्थापन झाली. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधु आणि मलिक गुलाम महंमद हे तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ सालीं तेथील गव्हर्नर जनरलच्या पदावर चढले. इकडे १९४८ सालीं कंपनीचें नांव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' असें करण्यांत आलें. एका आद्याक्षराचाहि फरक न होतां देशाच्या फाळणीची खूण एका व्यापारी पाटीवर उमटली.

ह्याच नांवानें १९६२ सालीं कंपनीचा फुटबॉलसंघ निघाला. त्याचें रंगक्षेत्र म्हणजे मुंबईची हारवुड लीग व कूपरेजचें मैदान. कूपरेज ह्या स्थलनामाचा फुटबॉलशीं मुळांत कांहींएक संबंध नाहीं. लांकडी पिंपें बनविणाऱ्या कारागिरांच्या कारखान्यावरून तें पडलें. पिंपें गेलीं, कारागीर गेले, नांव मात्र राहिलें.

प्रांताबाहेरील मोठें यश संघास पुष्कळ उशिरां मिळालें. १९९८ सालीं त्यानें ड्युरांड चषक जिंकला. २००० सालीं नांव बदलून 'महिंद्रा युनायटेड' असें झालें, आणि पुढच्याच वर्षीं ड्युरांड चषक पुन्हां आला. २००३ व २००५ ह्या सालीं फेडरेशन चषक मिळाला. १९९६ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगचीं पहिलीं नऊ विजेतेपदें पंजाब, बंगाल व गोवा ह्या तीन प्रांतांनीं आपसांत वांटून घेतलीं होतीं. दहावें, म्हणजे २००५–०६ च्या हंगामाचें, डेरिक परेरा ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं महिंद्रा युनायटेडनें मिळविलें. ती लीग २००७ सालीं संपून तिच्या जागीं आय-लीग आली. त्यामुळें राष्ट्रीय लीगच्या विजेत्यांत महाराष्ट्राचें हें एकच नांव कायमचें राहिलें. २००७ सालीं आशियाई महासंघाच्या ए. एफ. सी. चषकांत संघानें उपांत्यपूर्व फेरी गांठली, आणि २००८ सालीं तिसऱ्यांदा ड्युरांड चषक जिंकला.

ह्यानंतर दोनच वर्षांनीं, २०१० च्या मार्च महिन्यांत, चालू हंगाम संपतांच संघ बंद करण्याचा निर्णय कंपनीनें जाहीर केला. ह्यापुढें आपलें लक्ष शालेय मुलांच्या स्पर्धेकडे राहील, असें तिनें सांगितलें. मालकाच्या दृष्टीनें ह्यांत गैर कांहीं नव्हतें. जो खर्च करतो त्यास तो थांबविण्याचाहि हक्क असतो. तथापि अठ्ठेचाळीस वर्षांची एक संस्था हरल्यामुळें नव्हे, दिवाळें निघाल्यामुळें नव्हे, तर केवळ एका निर्णयानें संपली, हें इतिहासकारानें नोंदलें पाहिजे. हें उदाहरण एकाकीहि नाहीं. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जे. सी. टी. संघ २०११ सालीं बंद झाला. २००७ सालीं निघालेल्या मुंबई एफ. सी. ह्या संघाचें आयुष्य दहा वर्षांचें ठरलें.

४. हंगेरीचा दाखला

हाच प्रश्न दुसऱ्या एका देशांत कसा सुटला, हें पाहणें बोधप्रद आहे. हंगेरी देशांतील बुडापेस्ट शहरांत एम. टी. के. हा संघ १८८८ सालीं व फेरेंत्सवारोश हा १८९९ सालीं स्थापन झाला. दोन्ही सभासदांच्या संस्था होत्या. १९२६ सालीं तेथें धंदेवाईक खेळास उघड मान्यता मिळाली, तेव्हां एम. टी. के. च्या धंदेवाईक संघानें 'हंगेरिया' हें नांव घेतलें. ह्या संघाचा ज्यू समाजाशीं निकट संबंध असल्यामुळें ज्यूविरोधी कायद्यांच्या काळांत, १९४० सालीं, त्यास विसर्जित व्हावें लागलें. महायुद्ध संपल्यावर तो पुन्हां उभा राहिला.

त्यानंतर साम्यवादी राजवटीनें सर्वच संघ आपल्या खात्यांस वांटून दिले. किश्पेश्त ह्या उपनगराचा संघ १९४९ च्या अखेरीस सैन्याकडे जाऊन 'होनवेद' झाला. १९५३ सालीं इंग्लंडला वेम्ब्ली येथें सहा विरुद्ध तीन गोलांनीं हरविणाऱ्या हंगेरीच्या चमूचा कणा म्हणजे पुश्काश, बोझिक इत्यादि ह्याच संघाचे खेळाडू. एम. टी. के. प्रथम कापडकामगारांच्या युनियनकडे व नंतर गुप्त पोलिसांकडे गेला, आणि थोड्याच वर्षांत त्याचीं तीन नांवें झालीं. फेरेंत्सवारोश अन्नकामगारांच्या युनियनकडे गेला. त्यास आधीं 'एदोस' व पुढें 'किनिझी' म्हणविलें, आणि हिरव्या-पांढऱ्या पोषाखाऐवजीं तांबडा-पांढरा दिला. परंतु लोकांच्या तोंडीं 'फ्राडी' हेंच लाडकें नांव राहिलें. १९५६ च्या उठावाच्या सुमारास फेरेंत्सवारोशचें मूळ नांव परत आलें, आणि एम. टी. के. चेंहि त्याच सुमारास. उठाव दडपला गेला. नांवें मात्र राहिलीं.

ह्या दोन हकीकतींतील भेद असा. बुडापेस्टांत सत्तेनें नांव, रंग व मालक हीं तिन्हीं बदललीं, तरी संस्था मेली नाहीं. कारण ती आपली आहे असें मानणारा समाज तिच्या मागें होता. मुंबईंत कोणीं जुलूम केला नाहीं, उलट मालक उदार होता. तरी संस्था संपली, कारण मालकावेगळा तिला कोणी वारस नव्हता. २००० सालीं 'युनायटेड' हा लोकसंघाला शोभणारा शब्द नांवांत आला खरा, परंतु त्याच्या आधीं मालकाचें नांव तसेंच होतें; आणि शेवटीं निर्णय झाला तो पहिल्या शब्दाच्या अधिकारानें.

५. साधनांविषयीं

ज्या संस्थेस वारस नाहीं, तिची स्मृति राखण्याचें काम संग्राहकांवर येतें. सुदैवानें ह्या साधनांची परीक्षा आपल्या परिचयाच्याच पद्धतीनें करतां येते. शिक्क्यावरून व किताबावरून आपण पत्राचा काळ ठरवितों, तसा संघाच्या नांवावरून कागदाचा ठरतो. 'महिंद्रा अँड महिंद्रा' असा संघाचा उल्लेख असलेला सामन्याचा कागद २००० पूर्वींचा. 'महिंद्रा युनायटेड' असेल तर तो २००० नंतरचा आणि, उत्तरकालीन आठवण नसेल तर, २०१० अलीकडचा नव्हे. 'हंगेरिया' छाप असलेलें तिकीट १९२६ ते १९४० च्या दरम्यानचें. 'किनिझी' असेल तर १९५१ ते १९५६ मधलें. सनाशिवाय सांपडलेलें छायाचित्रहि पोषाखाच्या रंगावरून व छातीवरील चिन्हावरून बोलूं लागतें.

जपण्याजोगे जिन्नस कोणते, हेंहि सांगितलें पाहिजे : सामन्यांचीं पत्रकें, तिकिटें, नेमणुकीचीं व बदलीचीं पत्रें, हजेरीपट, प्रवासखर्चाचे हिशेब, पदकें, आणि मागें नांवें लिहिलेलीं छायाचित्रें. चषक कोणी जिंकला तें वर्तमानपत्रांत मिळतें. खेळाडूस काय पगार होता, त्यास कचेरींतून किती वाजतां सोडीत, दुखापत झाली तर औषधपाणी कोणाच्या खर्चानें होई, हें मात्र असल्या किरकोळ कागदांतच मिळतें.

आतां सातिवलीकडे वळूं. तेथील एखादा कारखाना उठला, गाळा दुसऱ्यानें घेतला, कीं पहिल्याचें दप्तर प्रथम बाहेर पडतें, आणि त्याच्याबरोबर कामगारांच्या सामन्यांची पदकें व छायाचित्रेंहि जातात. किल्ल्याचा दगड पडावयास शतकें लागतात; असें दप्तर नाहींसें होण्यास एक दुपार पुरते. वसई प्रांतीं हिंडणाऱ्या संग्राहकांनीं पोर्तुगीज शिलालेखांचे ठसे घेतां घेतां ह्या गाळ्यांतहि डोकवावें. जें मिळेल त्यावर सांपडल्याची तारीख, जागा व देणाराचें म्हणणें लगेच टिपावें, आणि देणाराची संमति घेऊन एक नक्कल मंडळाच्या दप्तरीं ठेवावी. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडे राहिला तरी चालेल; नक्कल दोन ठिकाणीं असली म्हणजे पुरे.