युग्मताऱ्यांतील तापमानभेद

समान गुरुत्वमध्याभोवती फिरणाऱ्या दोन सहचर ताऱ्यांच्या पृष्ठीय तापमानांतील फरक (→ युग्मतारा). दोन्ही घटक बहुधा एकाच वायुमेघातून एकाच सुमारास जन्मतात, त्यामुळे या फरकाचे मूळ मुख्यतः वस्तुमानात असते. अधिक वस्तुमानाचा तारा अधिक तप्त असतो, मात्र इंधन लवकर संपवून तोच आधी फुगतो व थंडावतो (→ ताऱ्यांची उत्क्रांती).

ययाती तारकासमूहातील अल्गॉल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. त्याचा आवर्तकाल जॉन गुडरिक यांनी 1783 मध्ये मांडला. यातील तप्त ताऱ्याचे तापमान सुमारे 13,000 केल्व्हिन, तर थंड सहचराचे 5,000 केल्व्हिनच्या आत आहे. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी थंड तारा तप्त ताऱ्याला अंशतः झाकतो व तेजस्विता 2.1 प्रतीवरून 3.4 प्रतीपर्यंत उतरते. उलट पिधानात झाकले जाणारे क्षेत्रफळ तेवढेच असूनही घट नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. दोन घटींच्या या गुणोत्तरावरूनच तापमानांचे गुणोत्तर काढतात (→ पिधानकारी युग्मतारा). थंड घटक वस्तुमानाने लहान, पण उत्क्रांतीत पुढे गेलेला आहे. त्याचे बरेचसे द्रव्य सहचराकडे वाहून गेले आहे.

तापमान जास्त म्हणजे तेज जास्त, असे मात्र नाही. व्याधाचा श्वेतखुजा सहचर सुमारे 25,000 केल्व्हिन, तर मुख्य तारा 9,900 केल्व्हिन तापमानाचा आहे. तरीही सहचराचा आकार पृथ्वीएवढाच असल्याने तो हजारो पट मंद दिसतो (→ श्वेतखुजा तारा). त्याचे उच्च तापमान वॉल्टर ॲडम्स यांनी 1915 मध्ये घेतलेल्या वर्णपटावरून उघड झाले.