युद्धकालीन विवाह व घटस्फोटविषयक कायदा

युद्धकाळात परदेशीय सैनिकांशी झालेल्या विवाहांमुळे अधिकारितेचे जे प्रश्न उद्‌भवतात, ते सोडविण्यासाठी केलेल्या विशेष कायद्यांचा या विषयात समावेश होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात इंग्लंड व भारत या देशांत झालेले कायदे या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

इंग्रजी विधीनुसार घटस्फोट देण्याचा अधिकार तत्त्वतः पतिपत्नींच्या अधिवासाच्या देशातील न्यायालयाला असे. व्यक्ती ज्या देशाला आपले कायमचे घर मानते, तो तिचा अधिवासाचा देश होय. श्रीलंकेतील ल मेझुरिअर दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८९५ मध्ये हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. विवाहाबरोबर पत्नीला पतीचा अधिवास आपोआप प्राप्त होई; तिला स्वतंत्र अधिवास नसे. पतीने पत्नीचा त्याग केल्यास १९३७ च्या कायद्याने काही सवलत दिली होती. परंतु त्यासाठी पतीचा अधिवास त्यागापूर्वी इंग्लंडमध्ये असणे आवश्यक होते.

महायुद्धात कॅनडा, अमेरिका इ. देशांचे सैनिक मोठ्या संख्येने इंग्लंडमध्ये आले व अनेकांनी तेथील स्त्रियांशी विवाह केले. बऱ्याच पत्नी पुढे पतीच्या देशी गेल्या. त्यांच्या प्रवेशासाठी अमेरिकेने डिसेंबर १९४५ मध्ये खास कायदाही केला. मात्र ज्या स्त्रियांना पतीने मागे टाकले, त्यांची कोंडी झाली. पतीचा अधिवास परदेशी असल्याने त्यांना माहेरच्या न्यायालयाचे दार बंद होते आणि परदेशी जाऊन दावा लावणे सामान्य स्त्रीच्या आवाक्याबाहेरचे होते.

यावर उपाय म्हणून ब्रिटिश संसदेने १९४४ मध्ये मॅट्रिमोनिअल कॉझेस (वॉर मॅरेजेस) ॲक्ट संमत केला. ३ सप्टेंबर १९३९ नंतर युद्धकाळात झालेल्या विवाहात पतीचा अधिवास संयुक्त राज्याबाहेरचा आणि पत्नीचा विवाहापूर्वीचा अधिवास इंग्लंडमधील असल्यास, दोघेही इंग्लंडचे अधिवासी आहेत असे मानून न्यायालय निर्णय देऊ शके. पतीच्या देशात दोघांनी कधीही एकत्र वास्तव्य केलेले नसावे, अशी अट होती. सवलत तात्पुरती असून दाव्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. तथापि असा घटस्फोट पतीच्या देशात ग्राह्य ठरेलच, याची खात्री नव्हती. एका देशात अविवाहित व दुसऱ्या देशात विवाहित, अशी अवस्था संभवत असे.

भारतातही परकीय सैन्याच्या वास्तव्यामुळे असेच विवाह झाले होते. भारतीय घटस्फोट अधिनियमानुसार (१८६९; दुरुस्ती १९२६) घटस्फोटासाठी भारतातील अधिवास आवश्यक होता. म्हणून स्वातंत्र्योत्तर विधिमंडळाने १९४८ मध्ये इंग्लंडच्या धर्तीवर युद्धकालीन विवाहांसंबंधी अधिनियम करून न्यायालयांना तात्पुरती अधिकारिता दिली.

इंग्लंड व वेल्समध्ये १९४७ साली सु. ६०,००० घटस्फोट मंजूर झाले. प्रलंबित दाव्यांचा ताण कमी व्हावा म्हणून डेनिंग समितीच्या शिफारशीवरून १९४६ मध्येच घटस्फोटाचा सशर्त हुकूमनामा कायम होण्याची मुदत सहा महिन्यांवरून सहा आठवडे करण्यात आली होती.

या तात्पुरत्या अपवादांमागील तत्त्व पुढे स्थायी कायद्यात आले. १९४९ च्या इंग्रजी कायद्याने तीन वर्षे इंग्लंडमध्ये राहिलेल्या पत्नीला, पती परदेशाचा अधिवासी असला तरी, दावा लावण्याचा हक्क दिला. भारतातील विशेष विवाह अधिनियमात (१९५४) पती भारतात राहत नसल्यास तीन वर्षे येथे राहिलेल्या पत्नीला असाच हक्क देण्यात आला. इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्यान्वये पत्नीचा परावलंबी अधिवास संपुष्टात आला. मूळ नियमातील अन्याय युद्धाने निर्माण केला नव्हता. युद्धामुळे तो एकाच वेळी हजारो स्त्रियांच्या वाट्याला आला व कायदेमंडळांना त्याची दखल घ्यावी लागली.