खुर्चीची खोळ

खोळ आपल्याकडं जुनीच. उशीला अभ्रा, तंबोऱ्याला गवसणी, गादीला गलेफ; हा गलेफ तर अरबीतून आलेला. खुर्ची मात्र कोकणातल्या आमच्या घरात आली ती मुंबईच्या पैशानं. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली आणि पुढं कोकणातली घरंच्या घरं गिरण्यांवर जगू लागली. आमचे बाबा साळखात्यात. गणपतीला येताना ट्रंकेत मांजरपाट असायचाच.

शिंपी घरी येऊन मापं घ्यायचा. पाठीची उंची, हातांचा घेर, बैठकीची खोली. तो कापड आधी रात्रभर भिजवायला लावी. कोरंच शिवलं तर पहिल्या धुण्यात आटणार, मग खोळ कसली चढतेय खुर्चीवर! मागं नाड्या, म्हणजे काढायला सोपं.

अठराव्या शतकात युरोपातले श्रीमंत रेशमी खुर्च्यांवर साध्या चौकड्याच्या खोळी घालत नि बड्या पाहुण्यांसाठी काढून ठेवत. आमच्याकडं सगळं उलटं. पाहुणा दिसला की खोळ चढायची, कारण आत वेताची फाटकी बैठक!

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा गावी आले, ट्रंक रिकामी. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आईनं चारही खोळी उसवल्या. त्यातनं आम्हा दोघा भावांचे पांढरे सदरे निघाले. खुर्च्या माळ्यावर गेल्या, आणि कुणी आलं की आई ओटीवर घोंगडी अंथरायची.